अंगण खरेच वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्या घराघरांत आजही ऐकू येते. परीक्षेत गुण कमी पडले म्हणून प्रश्नपत्रिकेला बोल लावणाऱ्या मुलाला ती ऐकवली जाते. भाकरी करपली म्हणून शेगडीला नावे ठेवणाऱ्यालाही तीच ऐकवतात. म्हणीचा रोख सरळ आहे: चूक माणसाची असते आणि अंगण ही नुसती सबब असते.

गेल्या शंभर वर्षांत काही माणसांनी मात्र ही म्हण उलटी करून पाहिली. आधी कारखान्यांत आणि मग संगणकाच्या कंपन्यांत. नाचणाऱ्याला दोष देण्याआधी त्यांनी अंगणाला पाणसळ लावली, तेव्हा पुष्कळदा अंगणच वाकडे निघाले. ते सरळ कसे करायचे, याचे एक शास्त्र त्यांनी उभे केले. त्या शास्त्राला कोणी गुणवत्ता नियंत्रण म्हणतात, कोणी प्रक्रिया सुधारणा म्हणतात. नावे बदलली तरी मूळ प्रश्न तोच आहे. काम बिघडले की ‘कोणी बिघडवले?’ असे विचारायचे, की ‘का बिघडले?’ असे?

हा इतिहास आपल्या स्मरणिकेत सांगण्याचे कारण असे की तो दोनदा आपल्या हैदराबादेतून गेला आहे. एकदा रामचंद्रपुरमच्या कारखान्यातून आणि एकदा माधापूरच्या काचेच्या इमारतींतून. दोन्ही वेळा आपल्या घरांतली माणसे तिथे होती. निजामाच्या काळात आपले पूर्वज या शहरात आले ते न्यायालयांत, महसूल खात्यात, शाळांत आणि रेल्वेत नोकऱ्या करायला. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० च्या दशकात, शहराभोवती भेल, आयडीपीएल, ईसीआयएल, एचएमटी असे सरकारी उद्योग उभे राहिले आणि विवेकवर्धिनीसारख्या शाळांत शिकलेली आपली मुले तिकडे वळली. त्यांची मुले पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेली. आज एकाच घरात आजोबा ‘क्वालिटी सर्कल’च्या आठवणी काढतात आणि नात फोनवर ‘रेट्रो’ आणि ‘स्प्रिंट’ बोलते. दोघांना वाटते, आपली कामे अगदी वेगळी आहेत. प्रत्यक्षात ती एकाच कुळातली आहेत. ते कूळ कुठून निघाले हे पाहू.

घड्याळ घेऊन उभा राहिलेला इंजिनिअर

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते. फ्रेडरिक टेलर हा तिथला इंजिनिअर हातात घड्याळ घेऊन कामगारांच्या हालचाली मोजत असे. बेथलेहेम स्टील कंपनीत ओतीव लोखंडाच्या लाद्या उचलून वाघिणीत भरण्याचे काम चाले. एक माणूस दिवसाला सरासरी १२.५ टन भरत असे. योग्य माणूस निवडला, त्याला केव्हा उचलायचे आणि केव्हा विसावा घ्यायचा हे नेमून दिले, मजुरी वाढवून दिली, तर तोच आकडा ४७.५ टनांवर जातो असा टेलरचा दावा होता. १९११ मध्ये त्याने ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि जगभरच्या कारखानदारांनी ते डोक्यावर घेतले.

टेलरमुळे एक मोठी गोष्ट झाली. काम कसे होते हे मोजता येते आणि मोजले की सुधारता येते, ही जाण कारखान्यांत आली. त्याचबरोबर एक भिंतही उभी राहिली. विचार साहेबाने करायचा आणि हात कामगाराने चालवायचे. ज्याचे हात रोज त्या यंत्रावर फिरतात त्याला यंत्राविषयी काही सांगायचे असेल, ही शक्यताच या पद्धतीत धरलेली नव्हती. पुढचा सगळा इतिहास ही भिंत पाडण्याच्या प्रयत्नांचा आहे.

एका पानाचे पत्र

शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. टेलिफोनची उपकरणे तिथे बनत. त्यांतली काही जमिनीखाली पुरली जात, त्यामुळे बिघाड झाला की खणून काढण्याचा खर्च येई. चुका पकडण्यासाठी कारखान्याने तपासनीसांची मोठी फौज ठेवली होती. पण तयार माल तपासून वाईट नग बाजूला काढायचे, हे वरातीमागून घोडे नाचवण्यासारखे होते. वाईट नगावर लोखंड, वीज आणि मजुरी आधीच खर्च झालेली असे.

या कारखान्यात वॉल्टर शूहार्ट हा भौतिकशास्त्राचा अभ्यासक काम करत होता. १६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या वरिष्ठांना जेमतेम पानभर मजकुराचे एक पत्र दिले. त्यात एक साधी आकृती होती. मधे एक रेघ, तिच्या वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा आणि कामाच्या मोजमापांचे ठिपके. आज जगभर ‘नियंत्रण आलेख’ म्हणून शिकवली जाते ती हीच आकृती.

तिचा अर्थ समजायला गणित लागत नाही. ज्वारीच्या दहा भाकऱ्या थापल्या तर दहाही अगदी सारख्या होत नाहीत. एखादी थोडी जाड होते, एखादीला पापुद्रा जरा कमी सुटतो. पीठ, पाणी, हात आणि तवा यांच्या एकत्र येण्यात हा थोडा फरक असतोच. त्यासाठी कोणाला रागावून उपयोग नाही. पण एखाद्या दिवशी सगळ्याच भाकऱ्या चिरफळल्या, तर काहीतरी वेगळे घडलेले असते. पीठ जुने निघाले असेल, किंवा पाणी पुरेसे गरम नसेल. तिथे कारण शोधलेच पाहिजे. शूहार्टने हे दोन प्रकारचे फरक वेगळे ओळखण्याची रीत दिली. रेघांच्या आतले चढउतार त्या पद्धतीचेच असतात, रेघांबाहेरचा ठिपका विशेष कारणाचा असतो. आतल्या चढउतारांवर दर वेळी यंत्र पिरगाळत बसले तर काम सुधारण्याऐवजी अधिक बिघडते, हेही त्याने दाखवले.

यातून निघणारा अर्थ व्यवस्थापकांना अवघड जाणारा होता. आतल्या चढउतारांची जबाबदारी कामगाराची नसते. यंत्र, कच्चा माल, कामाची रीत, प्रशिक्षण हे सगळे वरच्यांनी ठरवलेले असते. ते कमी करायचे असतील तर वरच्यांनीच अंगण सारवायला घ्यायला हवे.

लाल मण्यांचा खेळ

शूहार्टचा हा विचार पुढे नेला तो डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग याने. १९५० च्या उन्हाळ्यात जपानच्या शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांच्या संघाने त्याला व्याख्यानांसाठी बोलावले. युद्धात जपानची शहरे बेचिराख झाली होती आणि ‘जपानी माल’ म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी जगात समजूत होती. डेमिंगने इंजिनिअरांना नियंत्रण आलेख शिकवले आणि कंपन्यांच्या मुख्य चालकांनाही समोर बसवून घेतले. आपल्या व्याख्यानांच्या छापील प्रतींचे मानधन त्याने घेतले नाही. त्याच रकमेच्या आधाराने १९५१ पासून जपानात ‘डेमिंग पारितोषिक’ सुरू झाले. ते आजही दिले जाते.

डेमिंग आपल्या वर्गात एक खेळ करून दाखवीत असे. एका डब्यात ४,००० मणी, त्यातले ३,२०० पांढरे आणि ८०० लाल. श्रोत्यांतून काही ‘कामगार’ निवडायचे. त्यांनी ५० खळग्यांची एक फळी डब्यात बुडवून मणी काढायचे. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे वाईट. सरासरीने दर खेपेला दहाच्या आसपास लाल येणारच. डेमिंग ‘साहेब’ होऊन कमी लाल आणणाऱ्याचे कौतुक करी, जास्त आणणाऱ्याची सर्वांसमोर खरडपट्टी काढी, भिंतीवर घोषणा लावी, शेवटी काहींना कामावरून काढून टाकी. श्रोते हसत आणि हसता हसता गप्प होत. आपणही रोज कचेरीत हेच करतो, हे त्यांच्या ध्यानात येई. डब्यातच लाल मणी भरलेले असताना फळी धरणाऱ्याला शिक्षा करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणेच.

जपानने या विचारात आपली भर घातली आणि ती भर निर्णायक ठरली. टोकियो विद्यापीठातले प्राध्यापक काओरू इशिकावा यांनी माशाच्या काट्यासारखी आकृती रूढ केली. डोक्याच्या जागी अडचण लिहायची आणि काट्यांवर यंत्र, माल, माणूस, रीत अशी तिची संभाव्य कारणे. ही आकृती कोणीही काढू शकतो, तिला पदवी लागत नाही. १९६२ मध्ये इशिकावांच्या पुढाकाराने कारखान्यांत कामगारांची छोटी मंडळे नोंदवली जाऊ लागली. एकाच विभागातल्या सहा ते दहा जणांनी स्वखुशीने आठवड्यातून एकदा बसायचे, आपल्याच कामातली एक अडचण निवडायची, आकडे गोळा करायचे, कारण शोधायचे आणि उपाय वरिष्ठांपुढे मांडायचा. हेच ‘क्वालिटी सर्कल’, म्हणजे आपल्या मराठीत गुणवत्ता मंडळ. टेलरने बांधलेल्या भिंतीला इथे पहिले भगदाड पडले.

तिकडे टोयोटा कंपनीत ताईची ओनो कामगारांना ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायला शिकवत होते. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्र बंद पडले. का? भार जास्त होऊन फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला तेल पुरेसे नव्हते. का? तेलाचा पंप नीट खेचत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? तेलाला गाळणीच नव्हती आणि धातूचा कीस आत जात होता. पहिल्या उत्तरावर थांबलो असतो तर फ्यूज बदलला असता आणि यंत्र पुन्हा बंद पडले असते. पाचव्या उत्तरापर्यंत गेलो की एक गाळणी बसवून काम भागते. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून अख्खी साखळी थांबवता येत असे. चूक दिसली की लपवायची नाही, सगळ्यांना दाखवायची. दोरी ओढणाऱ्यावर कोणी डाफरणार नाही, हा विश्वास त्या दोरीपेक्षा महत्त्वाचा होता.

आपण आधी ऐकले, उशिरा शिकलो

इथे एक गोष्ट आपल्याला चुटपुट लावणारी आहे. डेमिंग जपानला व्याख्याने देण्याच्या दोनेक वर्षे आधी, १९४७-४८ च्या हिवाळ्यात, खुद्द शूहार्ट भारतात येऊन गेले होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना बोलावले होते. संस्थेने पुढे मुंबई, बंगळूर, कोलकाता अशा ठिकाणी गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रे काढली आणि गिरण्या-कारखान्यांना सल्ला दिला. म्हणजे बी आपल्याकडे लवकर आले होते.

मग ते रुजायला इतका वेळ का लागला? दोन कारणे सहज दिसतात. एक, आपल्याकडे परवाने आणि टंचाई यांचे राज्य होते. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबणारे गिऱ्हाईक दारात उभे असताना माल अधिक चांगला करण्याची निकड कोणाला वाटणार? जपानला जगाच्या बाजारात माल विकून पोट भरायचे होते, आपल्याला नव्हते. दुसरे, हे शास्त्र आपल्याकडे तज्ज्ञांच्या खोलीतच राहिले. आलेख काढणारे संख्याशास्त्रज्ञ होते, यंत्र चालवणारे निराळे होते. शूहार्टची आकृती आली, पण इशिकावांचे मंडळ आले नाही.

ते आले १९८० मध्ये, आणि आले ते आपल्या रामचंद्रपुरमला. चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने उभा राहिलेला भेलचा हा कारखाना वीजनिर्मितीची टर्बाइन आणि मोठे कॉम्प्रेसर बनवत होता. भारतातली गुणवत्ता मंडळे पहिल्यांदा पद्धतशीरपणे सुरू झाली ती इथे. भेलमधले अधिकारी एस. आर. उडपा यांचा त्यात पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली ‘क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया’ ही संस्था सिकंदराबादेत स्थापन झाली आणि तिथून ही चळवळ देशभर पसरली. योगायोग असा की त्याच १९८० च्या जून महिन्यात अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम झाला. जपानला जमते ते आपल्याला का जमत नाही, असा त्याचा विषय होता. त्यामुळे ऐंशीच्या घरातल्या डेमिंगचे नाव त्याच्या स्वतःच्या देशाला पहिल्यांदा नीट कळले. म्हणजे या बाबतीत अमेरिकेचे डोळे उघडले त्याच वर्षी आपले हैदराबादही कामाला लागले होते.

या मंडळांचे मोल काय होते? सरकारी कारखान्यात साहेब, सुपरवायझर, फिटर, वेल्डर, हेल्पर अशी उतरंड पक्की असते. त्या उतरंडीत अगदी खालच्या पायरीवरच्या माणसाला खडू हातात देऊन फळ्यापुढे उभे करायचे, त्याने आपल्या विभागाची अडचण आकड्यांनिशी सांगायची आणि समोर महाव्यवस्थापकांनी बसून ऐकायचे. आपल्याकडे, जिथे वडीलधाऱ्यांपुढे आणि साहेबापुढे बोलणे उद्धटपणा मानला जातो, तिथे ही साधी गोष्ट नव्हती. अडचण बहुतेक वेळा छोटी असे. एखादे हत्यार लांब ठेवलेले असे, एखादा साचा झिजलेला असे, एखादी नोंद दोनदा करावी लागत असे. ती सुटल्याने वाचणाऱ्या पैशांपेक्षा ‘माझे म्हणणे ऐकले गेले’ ही भावना मोठी होती.

सगळीकडे हे टिकले नाही. मंडळांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि काही ठिकाणी सादरीकरण कामापेक्षा मोठे झाले. आकृत्या रंगीत झाल्या, अडचणी सोप्या निवडल्या जाऊ लागल्या. कागदी घोडे नाचवण्याची आपली सवय जुनी आहे. ही सवय पुढे सॉफ्टवेअरमध्येही आपल्याबरोबर गेली.

डोळ्यांना न दिसणारे यंत्र

सॉफ्टवेअरमध्ये लेथ नाही, ओतकाम नाही, कीसही पडत नाही. त्यामुळे कारखान्याचे शास्त्र इथे कसे लागू व्हावे, हा प्रश्न होता. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. मोठे प्रोग्रॅम वेळेवर पुरे होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, चुका उरतात, हे तिथे उघडपणे मांडले गेले. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द रूढ झाला तो या परिषदेपासून.

सॉफ्टवेअरमधली चूक कशी असते याचे एक उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. युरोपचे नवे ‘आरियान ५’ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटले. एक मोठी संख्या लहान जागेत कोंबताना मार्गदर्शन करणारा संगणक बंद पडला, हे तत्काळ कारण होते. ‘कोणी लिहिले?’ असे विचारून एखाद्या प्रोग्रॅमरला घरी पाठवता आले असते. चौकशी समिती पुढे गेली. तो भाग जुन्या ‘आरियान ४’ मधून जसाच्या तसा घेतला होता. जुन्या बाणाच्या मार्गावर ती संख्या कधी इतकी मोठी होतच नव्हती. नव्या बाणाच्या मार्गाचे आकडे घालून त्या भागाची चाचणी केलेली नव्हती. शिवाय उड्डाणानंतर त्या गणिताची गरजही नव्हती, तरी ते चालू ठेवले होते. ओनोंच्या पाच ‘का’चीच ही आवृत्ती. गाळणी नव्हती ती इथेही.

ही गाळणी बसवण्याचा मोठा प्रयत्न वॉट्‌स हम्फ्री यांनी केला. आयबीएममध्ये २७ वर्षे काढून ते १९८६ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग संस्थेत आले. अमेरिकेचे संरक्षण खाते या संस्थेला पैसा पुरवीत होते. काम नेमके कोणत्या कंपनीवर सोपवावे हे ठरवायला त्या खात्याला काही कसोटी हवी होती. त्यातून पाच पायऱ्यांचा ‘सीएमएम’ नावाचा नमुना तयार झाला. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली.

पहिल्या पायरीवरची कंपनी म्हणजे एकखांबी तंबू. एक-दोन हुशार माणसे रात्री जागून काम तडीस नेतात आणि ती सोडून गेली की तंबू कोसळतो. दुसऱ्या पायरीवर नियोजन येते, दिलेला शब्द पाळण्याची शिस्त येते. तिसऱ्यावर सगळ्या कंपनीची कामाची रीत एक होते आणि लिहून ठेवली जाते. चौथ्यावर मोजमाप येते, आणि इथे शूहार्टचा तो जुना आलेख पुन्हा भेटतो. पाचव्यावर चुकांची मुळे शोधून रीतच सुधारत राहण्याची सवय लागते. टेलिफोनच्या कारखान्यातले शास्त्र अशा रीतीने प्रोग्रॅमरच्या टेबलावर आले.

पाचव्या पायरीवरची गर्दी

या पायऱ्या भारताइतक्या झपाट्याने कोणी चढल्या नाहीत. १९९३ मध्ये मोटोरोलाचे बंगळूरचे केंद्र पाचव्या पायरीवर पोचले. त्याआधी ती उंची गाठली होती ती अमेरिकेच्या अंतराळयानांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गटाने. २००० सालच्या आसपास जगातल्या पाचव्या पायरीवरच्या संस्थांपैकी निम्म्याहून अधिक भारतात होत्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये आपल्याकडे सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले. ‘वायटूके’च्या कामासाठी परदेशी कंपन्या माणसे शोधत होत्या आणि आपली मुले घोळक्यांनी या कामात शिरत होती.

त्या काळी परदेशी गिऱ्हाइकाला आपली नावे उच्चारताही येत नव्हती. अशा वेळी पाचव्या पायरीचे प्रमाणपत्र पारपत्रासारखे उपयोगी पडले. त्याचा खरा फायदाही झाला. दर वर्षी हजारोंनी नवखी मुले कामाला घेणाऱ्या कंपनीत एका पोराने सोडलेले काम दुसऱ्याला उचलता येऊ लागले, ते लिहून ठेवलेल्या रीतीमुळेच. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण प्रमाणपत्र मिळवायचे ठरले की माणूस प्रमाणपत्राकडे पाहू लागतो, कामाकडे नाही. तपासणीच्या आधीच्या रात्री जुन्या बैठकींची टिपणे लिहून काढणे, न भरलेले तक्ते एका दमात भरणे, हे प्रकार त्या पिढीतल्या पुष्कळांनी पाहिले आहेत. आलेखात रेघांबाहेर गेलेला ठिपका ‘का?’ विचारण्यासाठी असतो. तो आत ढकलून दाखवायचा म्हटले की सगळे शास्त्रच वाया जाते.

आपल्या शहराने याचा सर्वांत कडू घोट घेतला तो ७ जानेवारी २००९ रोजी. हैदराबादेत १९८७ मध्ये सुरू झालेल्या सत्यम कंपनीच्या संस्थापक अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. अवघ्या काही महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २००८ मध्ये, याच कंपनीला उत्तम कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. तो नंतर काढून घेण्यात आला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची रीत चोख असेल, पण हिशेबाच्या खोलीत ‘का?’ विचारायला कोणी नव्हते, किंवा विचारायची हिंमत नव्हती. पन्नास हजारांहून अधिक माणसांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. त्यात आपल्या मंडळातल्या घरांसारखीच घरे होती, नुकतीच कर्जे काढलेली, नुकतीच लग्ने ठरलेली. तरीही ती माणसे रोज कामावर जात राहिली आणि गिऱ्हाइकांची कामे चालू ठेवली. सरकारने नवे संचालक मंडळ नेमले आणि एप्रिल २००९ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राने कंपनी घेतली. कंपनी वाचली त्यात नव्या संचालकांचा वाटा होता, तसा या खालच्या माणसांच्या रोजच्या शिस्तीचाही होता. जी रीत अंगी मुरली होती ती टिकली. जी भिंतीवर टांगली होती ती कामी आली नाही.

पुन्हा मंडळाकडे

कागदाच्या या ओझ्याला उत्तर म्हणून फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ प्रोग्रॅमर एकत्र आले आणि त्यांनी ‘अजाइल’ नावाचा एक छोटा जाहीरनामा लिहिला. ठरलेल्या रीती आणि अवजारे यांपेक्षा माणसे आणि त्यांचा परस्पर संवाद यांना अधिक मोल द्यावे, असे त्यात म्हटले होते. आपल्या नाती-नातवांच्या तोंडी असलेले शब्द याच घराण्यातले. त्यातला ‘स्क्रम’ हा शब्द या कामात आला तो १९८६ मध्ये दोन जपानी प्राध्यापकांनी लिहिलेल्या लेखावरून. ‘कानबान’ तर थेट टोयोटाच्या कारखान्यातला. दोन आठवड्यांचे काम संपले की सगळ्या गटाने बसून काय जमले, काय जमले नाही, पुढे काय बदलायचे हे बोलायचे, यालाच ‘रेट्रो’ म्हणतात. सहा-आठ माणसे, स्वतःचे काम, स्वतःची अडचण, एक फळा. रामचंद्रपुरमचे आजोबा हे ऐकतील तर म्हणतील, ‘अगं, हे तर आमचे सर्कल!’ आणि ते बरोबर असेल.

कूळ एक, तसा धोकाही एकच. रेट्रोचीही आता काही ठिकाणी औपचारिकता झाली आहे. फळ्यावर चिठ्ठ्या चिकटतात आणि पुढच्या पंधरवड्यात त्याच चिठ्ठ्या पुन्हा चिकटतात. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला की काही चांगल्या कंपन्यांत दुसऱ्या दिवशी कोणाचेही नाव न घेता कारणांची चर्चा होते. इतर ठिकाणी अजूनही आधी आरोपी शोधला जातो. जिथे आरोपी शोधतात तिथे चुका थांबत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. भीती घालवा, असे डेमिंग सांगत असे, ते याचसाठी.

ही गोष्ट फक्त कारखान्याची नाही. आपल्या घरांत, शाळांत आणि उत्सवाच्या कामांतही आपला पहिला प्रश्न बहुधा ‘कोणी केले?’ हाच असतो. प्रसाद कमी पडला, मांडवात वीज गेली, पावतीपुस्तक हरवले, की एखाद्या तरुण कार्यकर्त्याच्या नावाने खडे फोडले जातात आणि पुढच्या वर्षी तो फिरकत नाही. पाच वेळा ‘का?’ विचारले असते तर कदाचित कळले असते की मागच्या वर्षीची यादी कोणी जपूनच ठेवली नव्हती.

शेवटी एक विनंती. १९८० मध्ये तिशीत असलेले, गुणवत्ता मंडळांत बसलेले आपले लोक आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी कोणत्या अडचणी घेतल्या, साहेबांपुढे पहिल्यांदा बोलताना काय वाटले, कोणते उपाय टिकले आणि कोणते कागदावर राहिले, हे कारखान्याच्या अहवालांत सापडणार नाही. ते त्यांच्या आठवणीत आहे आणि कदाचित ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या एखाद्या वहीत. या उत्सवाच्या दहा दिवसांत तीन पिढ्या एका मांडवात भेटतात. नातवंडांनी आजोबांना आणि आजींना विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ‘कोणी चूक केली?’ असे मात्र विचारू नये. ‘तेव्हा अडचण काय होती आणि ती का होती?’ एवढेच विचारावे. पुढचे ती मंडळी स्वतःच सांगतील.